झाकणावरचा नारळ

"तुमच्या विळीला कुंकू, कोयत्याला कुंकू, वरवंट्यालासुद्धा कुंकू. माझ्या ग्रिलनं काय घोडं मारलंय, मावशी?"

खंडेनवमीची दुपार होती. तानूमावशी चुलीपुढच्या सारवलेल्या जागेत पाट मांडून हत्यारं पुजायला बसल्या होत्या. मी ग्रिलचं बंद करायचं बटण नुकतंच दाबलं होतं आणि हात पुसत चप्पल शोधत होते. मला लाँचच्या धक्क्यावर जायचं होतं. आमच्याकडे मोबाइलला रेंज यायची ती फक्त तिथे, तीही एका ठरावीक दगडावर उभं राहिलं तर.

"त्ये हत्यार हाय व्हय?" मावशी मान वर न करता म्हणाल्या. "खोकं हाय त्ये. बटणावर चालतंय. त्याला मानूस लागत न्हाई, मग कुंकू कशाला लागतंय?"

"माणूस लागत नाही? मग मी सहा महिने काय इथे माशा मारतेय?"

"त्ये तुझं तू बघ. आन् बंद केलंस म्हनतीस, मग घुरघुरतंय कशापायी?"

"थांबेल आपोआप," मी म्हटलं आणि निघाले.

नीट समजावून सांगायला दोन मिनिटं लागली असती. दोन मिनिटं माझ्याकडे होती, पण माझा एक पाय कायम पुढे टाकलेला असायचा. या पोरीच्या पायाला भिंगरी आहे, असं माझी आई म्हणायची. त्या दिवसांत तर एका जागी बसून मी धड चहासुद्धा प्यायले नाही.

कोयनेच्या पाण्याकाठी, बामणोलीच्या अलीकडे, बर्गेदादांचं पर्यटन केंद्र होतं. पुण्या-साताऱ्याची माणसं यायची, होडीत बसायची, जेवायची, झाडाखाली झोपायची आणि जायची. जेवणाच्या दोन बाजू होत्या. चुलीवरच्या भाकऱ्या, पिठलं, रस्सा हे सगळं तानूमावशींचं. दुसरी बाजू माझी, म्हणजे ते ग्रिल. दादांच्या मेहुण्यानं ते परदेशातून आणलेलं. दिसायला आडव्या पिंपासारखं, वर झाकण, एका बाजूला डबा. डब्यात लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या भरायच्या, हुबेहूब जनावरांची गोळीपेंड. आतला स्क्रू फिरत फिरत त्या गोळ्या थोड्या थोड्या करून खालच्या लोखंडी वाटीत आणून टाकतो, वाटीत विस्तव होतो, पंखा त्याला वारा घालतो. धुरावर शिजलेली कोंबडी खाऊन पुण्याची माणसं बोटं चाटायची.

दादांनी मला ते शिकवताना वहीत सगळं माझ्याच अक्षरात लिहून घेतलं होतं. तो कागद प्लॅस्टिकमध्ये घालून खांबाला चिकटवलेला. ग्रिल भिंतीपासून लांब, उघड्यावरच ठेवायचं. गोळ्यांना ओल लागू द्यायची नाही. चरबीनं पेट घेतला तर पाणी टाकायचं नाही. बंद करताना बटणानंच बंद करायचं, पंधरा मिनिटं पंखा चालू राहतो, वाटीतलं सगळं जळून राख होतं, मग ते आपणहून थांबतं, तोवर प्लग काढायचा नाही. आणि सगळ्यात वर, खाली दोन रेघा ओढून लिहिलेलं: पेटवण्याआधी झाकण उघडून वाटी रिकामी आहे का ते बघायचं, झाकण उघडं ठेवूनच पेटवायचं. पहिल्या आठवड्यात मी तो कागद सगळ्यांना वाचून दाखवला होता. तानूमावशी तेवढ्यात पाणी आणायला निघून गेल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, आणि माझ्याकडून ऐकून घ्यायचंही नव्हतं.

माझा नवरा सुरतेला कामाला गेला तो तिकडचाच झाला. लेक, प्रणाली, दहा वर्षांची, कराडला माझ्या भावाकडे होती. भाऊ चांगला होता. वहिनीही वाईट नव्हती, पण दुसऱ्याच्या घरात पोर किती दिवस ताटाकडे बघत बघत जेवणार? मी इथे बायकांच्या खोलीत चौघींत झोपायचे, तिथे पोरीला कुठे आणू? तर दादा म्हणाले होते, "दसऱ्याला सहा महिने होतील. तोवर ग्रिल नीट सांभाळ. काही अपघात नाही, काही विघ्न नाही, तर मागच्या दोन खोल्या तुझ्या. मुलीला घेऊन ये." तेव्हापासून मी दिवस मोजत होते आणि तो दसरा आता उद्यावर आला होता.

धक्क्यावरच्या दगडावर चढून मी भावाला फोन लावला. उद्या दुपारच्या एसटीनं तो प्रणालीला घेऊन येणार होता. फोन प्रणालीनं ओढून घेतला.

"आई, माझी दप्तराची पिशवी पण आणू?"

"आण."

"म्हणजे परत जायचं नाही?"

"उद्या दादांनी हो म्हणू दे गं बाई," मी म्हटलं. पण आण म्हटलं होतं ते म्हटलंच.

परत आले तर ग्रिल गप्प होतं. डब्याच्या कडेनं झेंडूची माळ, झाकणाला हळदीकुंकवाची पाच बोटं, आणि झाकणाच्या सपाट माथ्यावर विड्याच्या पानांवर नारळ. मी बघतच राहिले. सहा महिन्यांत या बाईनं त्या यंत्राकडे सरळ नजरेनं बघितलं नव्हतं.

मावशी चुलीपुढेच होत्या. "उगं टोमनं मारत बसू नगंस आता," त्या म्हणाल्या. "पुजलं तुझं खोकं. उद्या सोनं वाटून झालं की नारळ म्या उचलीन. तवर हात लावायचा न्हाई."

मी नुसतं बरं म्हटलं.

दसऱ्याला पुण्याची चाळीस माणसं जेवायला होती. सकाळपासून मी दहा वेळा फाटकापर्यंत जाऊन आले. एसटी दुपारची आहे हे मला कळत होतं, पायांना कळत नव्हतं. कोंबड्यांना मसाला चोळून ठेवला, ट्रे पुसला, डब्यात गोळ्या भरल्या. प्लग बघते तर बाहेर लोंबत होता. कुणीतरी झाडताना काढला असेल, असं वाटलं. लावला.

आणि मग मी झाकणापुढे उभी राहिले. वर तो नारळ.

झाकण उघडायचं तर नारळ उचलावा लागणार. मावशींनी हात लावायचा नाही म्हणून सांगितलेलं. त्या तेव्हा मागच्या अंगणात आपट्याची पानं निवडत होत्या. हाक मारली असती तर दोन मिनिटांत आल्या असत्या. पण माझ्या मनात भलतंच आलं. आज माझ्या पोरीचा निकाल लागायचाय, आणि आजच मी देवाचा नारळ हलवू? नको. आधी गरम होऊ दे, कोंबडी ठेवायच्या वेळी मावशींना बोलावू. वाटी काय, कालच तर आपण बटणानं बंद केलंय, जळून गेलं असणार सगळं.

मी झाकण न उघडता बटण दाबलं.

दहा मिनिटं गेली. उष्णतेचा आकडा चढेना. नुसता बारीक धूर. कागदावर लिहिलेलं होतं, पेटलं नाही तर बंद करून थंड होऊ द्या, वाटी रिकामी करा, मगच पुन्हा पेटवा. तो कागद माझ्या डोळ्यांसमोर चार हातांवर होता. पलीकडे माणसं गाडीतून उतरायला लागली होती. मी बंद केलं आणि लगेच पुन्हा चालू केलं. स्क्रू पुन्हा फिरायला लागला, गोळ्या पुन्हा पडायला लागल्या.

थोड्या वेळानं धूर वाढला. पांढरा, मग पिवळट, झाकणाच्या फटीतूनसुद्धा यायला लागला. मला वाटलं, लागला एकदाचा विस्तव.

"मावशी," मी हाक मारली, "या हो, नारळ उचला. मला झाकण उघडायचंय."

मावशी पदराला हात पुसत आल्या. "किती गं धूर ह्यो," म्हणाल्या. डाव्या हातानं त्यांनी नारळ उचलला, आणि उजव्या हातानं पानं गोळा करायला गेल्या.

धाप असा आवाज झाला. मोठा नाही, उशी आपटल्यासारखा. झाकण स्वतःहून उडालं, आतून जाळाचा एक लोळ बाहेर आला आणि पुन्हा आत गेला. मावशी मागे बसल्या त्या बसल्याच. नारळ घरंगळत खांबापाशी गेला. त्यांच्या भुवया जळाल्या होत्या, आणि उजवा हात कोपरापासून खाली लाल झाला होता.

मी त्यांना ओढत नळाशी नेलं, हात वाहत्या पाण्याखाली धरला. मागून कुणीतरी बादली घेऊन पळत येताना दिसलं आणि दादांचा आवाज आला, "पाणी नको. पाणी टाकू नका कुणी." त्यांनी लांब चिमट्यानं झाकण पाडलं, प्लग काढला, पाहुण्यांना लांब नेऊन बसवलं. मग ते आमच्याकडे आले. जीप काढायला माणूस गेला होता. मावशी नळाखाली हात धरून बसल्या होत्या, दात दाताशी घट्ट, तोंडातून हूं नाही की चूं नाही.

"कसं झालं?" दादांनी मला विचारलं.

"काय कळलं नाही. एकदम भडकलं."

"काल नीट बंद केलं होतंस?"

"हो. बटणानं केलं होतं." हे खरं होतं.

"मग सकाळी प्लग कसा होता?"

मी तोंड उघडायच्या आत मावशी बोलल्या. "पलग म्या काढला. काल."

"तुम्ही? कशाला?"

"पूजा करायची हुती. हत्यार पुजताना गप असाया पायजे. त्ये घुरघुरत हुतं, म्हणून काढला."

दादांनी कपाळाला हात लावला. मलाही तेव्हाच उलगडलं. पंखा अर्ध्यात थांबला, वाटीतल्या गोळ्या तशाच अर्धवट राहिल्या, त्यावर आज दोनदा मी नव्या ओतल्या. ढीग झाला, धुमसत राहिला, आत धूर कोंडला, आणि मग एकदम पेटला.

दादा माझ्याकडे वळले. "ललिता, आत बघून पेटवलंस ना?"

लांबून एसटीचा हॉर्न वाजला. घाटाच्या वळणावर ती नेहमी वाजवायची, तिथून पाच मिनिटांत पोचायची.

"हो," मी म्हटलं.

"मग वाटीत गोळ्या दिसल्या नाहीत?"

"वाटी रिकामी होती. नळीत अडकून राहिल्या असतील, नंतर एकदम पडल्या असतील."

इतकं गुळगुळीत खोटं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. मावशींनी पाण्याखालच्या हातावरची नजर उचलली आणि माझ्याकडे बघितलं. जीप आली आणि त्या उठून जीपमध्ये बसल्या.

प्रणाली दप्तर घेऊन उतरली तेव्हा मी ग्रिलची राख काढत होते. संध्याकाळी दादांनी सगळ्यांना सोनं वाटलं. माझ्या हातात आपट्याचं पान ठेवलं आणि त्यावर खोल्यांची किल्ली. "तुझ्याकडून चूक नव्हती," ते म्हणाले. "जे ठरलं ते ठरलं." मी वाकून नमस्कार केला.

तानूमावशींचा दवाखाना दादांनी सगळा बघितला. त्यात ते कमी पडले नाहीत. पण चौथ्या दिवशी त्यांनी मावशींच्या पुतण्याला बोलावून सांगितलं, आता वय झालंय, घरीच विश्रांती घेऊ दे. सगळ्यांना कळलं त्याचा अर्थ काय. मावशींचं गाव पाण्याच्या पलीकडे होतं. जेमतेम सात-आठ घरं. त्या दुपारी लाँचनं गेल्या. मी कोंबड्या साफ करायच्या निमित्तानं मागेच राहिले. चूल विझली ती विझलीच, तिथे गॅसची शेगडी आली.

ते पाच दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. दोन खोल्या, पोर शेजारी, हवं ते सगळं हातात, आणि जिवाला क्षणाची चैन नाही. जेवताना उठायचं, प्लग बघून यायचं. केस विंचरताना उठायचं, झाकण उघडून वाटी बघायची. ग्रिल पेटवायचं नसलं तरी बघायची. बसले की ढुंगणाखाली निखारा आहे असं वाटायचं.

"आई, तू सारखी सारखी काय बघायला जातेस?" प्रणालीनं विचारलं.

"काही नाही."

"मग जातेस कशाला?"

पोरीला काय सांगणार होते मी? त्याच दिवशी, कोजागिरीच्या सकाळी, लाँच पकडली आणि पलीकडे गेले.

मावशी दाराबाहेर पायरीवर बसून डाव्या हातानं तांदूळ निवडत होत्या. उजव्या हाताला पांढरं फडकं. मला बघून सुपातले खडे वेचायच्या थांबल्या नाहीत.

"ये. बस."

मी बसले नाही. "हात कसा आहे?"

"हाय हातासारखा. पोर आली का तुजी?"

"आली."

"झ्याक झालं. खोल्या?"

"मिळाल्या."

"मग त्वांड असं का? कुनी म्येल्यावानी?"

माझ्याच्यानं राहवेना. "मावशी, मी त्या दिवशी..."

"ठावं हाय मला."

"काय ठाऊक आहे?"

आता त्यांनी सूप खाली ठेवलं. "तूच हाक मारलीस न्हवं, नारळ उचला म्हणून. नारळ म्या ठेवला हुता तिथंच, तसाच, पानांवर. झाकण उघडलं असतंस तर त्यो तिथं कसा ऱ्हायला असता? येवढं कळतंय मला. अंगठा उठवत असले म्हणून डोळं न्हाईत व्हय?"

मी त्यांच्या समोर मातीतच बसले. "मग दादांना का नाही सांगितलंत? तुमची चूल गेली. हात गेला. तुम्ही तर लगेच सांगितलंत, प्लग मी काढला म्हणून."

"त्ये माझं हुतं, म्हणून सांगितलं. ह्ये तुजं हुतं."

"माझी दया आली तुम्हाला? पोरीमुळे?"

"दया?" मावशी फणकारल्या. "राग आला हुता. लई आला हुता. जीपमधी वाटेनं शिव्या घातल्यात तुला. पर म्हनलं, हिला काढली तर त्या खोक्याफुडं कोन हुबं ऱ्हाईल? त्यो दादा दुसऱ्या कुनाला तरी आनंल. त्या मानसाला ठावं न्हाई ह्यो हात कसा जळाला त्ये. तुला ठावं हाय. तू आता जल्मात न बघता पेटवायची न्हाईस. मला तेवढं पुरं हाय." त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "आता जा. लाँच सुटल."

त्यांनी एक थोबाडीत मारली असती तर मी तिथेच रडून मोकळी झाले असते आणि घरी येऊन झोपले असते. लाँचमध्ये मी अख्खा वेळ उभी होते. लाँचवाला दोनदा ओरडला, बाई, खाली बसा. मला बसवेना.

धक्क्यावर उतरले ती सरळ दादांच्या ऑफिसात गेले.

"मी आत बघितलं नव्हतं," मी म्हटलं. "झाकणावर नारळ होता म्हणून उघडलं नाही. पहिल्यांदा पेटलं नाही तर वाटी न बघता पुन्हा चालू केलं. आणि मावशींना हाकही मीच मारली."

दादांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "मी तुला विचारलं होतं."

"हो."

"तू हो म्हणालीस."

"हो."

"मी त्या बाईला घरी पाठवलं, ललिता." त्यांचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. "तेव्हाच चूक झाली म्हणाली असतीस तर मी काही बोललो नसतो. पण तू माझ्याकडून तिच्यावर अन्याय करवलास."

मी कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली. त्यांनी ती घेतली. मला आतून वाटत होतं, घेणार नाहीत. पण घेतली.

दादांनी मला काढून टाकलं नाही. ग्रिल माझ्या एकटीच्या हातातून काढून घेतलं. शेगडी हलवून चूल पुन्हा पेटवायची, एक वर्ष मी चुलीपाशी काम करायचं, तानूमावशींच्या हाताखाली, आणि ग्रिल पेटवायचं ते मावशींच्या समोरच. दुसऱ्या दिवशी दादा स्वतः लाँच घेऊन त्यांना आणायला गेले. मावशी आल्या, पण आधी त्यांनी दादांना दारात तासभर उभं केलं म्हणे. प्रणाली दिवाळीपर्यंत माझ्याबरोबर बायकांच्या खोलीत दाटीवाटीनं राहिली, मग दप्तर घेऊन कराडला परत गेली. एसटीत बसताना तिनं मला विचारलं, "तू खरं सांगितलंस म्हणून मला जावं लागतंय?" मी हो म्हटलं. तिनं खिडकीची काच लावून घेतली. ती काच माझ्या अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

ते वर्ष लांब होतं. मावशींनी मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. भाकरी जरा जाड झाली की म्हणायच्या, "ही काय उशी थापलीस का?" पण रोज सकाळी ग्रिलपाशी येऊन मला सांगायच्या, "कागद वाच." मी पहिल्या ओळीपासून वाचायचे. वाचून झालं की त्या त्याच हातानं झाकण उघडायच्या. कातडी आवळून आली होती, बोटं पुरती मिटत नव्हती. वाकून आत बघायच्या आणि म्हणायच्या, "बघितलं. आता तू बघ." मग मी वाकायचे. वर्षभर, सणवार न चुकवता.

पुढची खंडेनवमी आली. मी बटण दाबून ग्रिल बंद केलं आणि तिथेच उभी राहिले. पंधरा मिनिटं आम्ही दोघी पंख्याचा आवाज ऐकत होतो. माझ्या आयुष्यात मी इतका वेळ एका जागी उभी राहिल्याचं मला आठवत नाही. पंखा थांबला तसं मावशींनी मला हात लावून बघायला लावलं, थंड आहे का. मग माळ घातली, कुंकू लावलं. नारळ मात्र खाली, पाटावर.

दसऱ्याला पुन्हा पाहुणे होते. मी झाकण उघडलं, वाटी बघितली, राख पुसून घेतली. बटणाकडे हात नेला तेवढ्यात मागून दादांचा आवाज आला. ते ऑफिसातून कधी आले ते मला कळलंच नव्हतं.

"ललिता, आत बघून पेटवतेयस ना?"

तोच प्रश्न. वाटी खरोखर रिकामी होती, झाकण डोळ्यांसमोर उघडं होतं, आणि तरी माझ्या तोंडून हो निघेना. वर्षापूर्वी मी तो शब्द असा वापरला होता की आता तो मला परत उचलताच येईना. दादा वाट बघत उभे होते.

पलीकडे मावशी चुलीपुढे बसून भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"बघितलंय तिनं," त्या म्हणाल्या. "बघताना म्या बघितलंय तिला."

दादांनी खिशातून मागच्या खोल्यांची किल्ली काढली आणि खांबापाशी, कागदाच्या खाली, खिळ्याला अडकवली. ते पाहुण्यांकडे गेले. मी डोळे पुसले, पुन्हा एकदा वाकून आत बघितलं, आणि बटण दाबलं.